विसोबा खवलेमांजर आणि नवे कपाट

एका जंगलात, बाळांनो, एक दप्तर होते. जंगलात दप्तर कशाला, असे विचारू नका. सिंह असला की दरबार असतो. दरबार असला की हुकूम निघतात. निघालेले हुकूम कुठेतरी ठेवावे लागतात, आणि ठेवल्यावर सापडू नयेत म्हणून दप्तर लागते.

हे दप्तर एका वडाच्या ढोलीत होते. ढोलीत एक संगणक होता. त्याला वीज कुठून मिळायची? काजव्यांची. दिवसा काजवे कसे चमकायचे? सरकारी नोकरीत होते, चमकावेच लागे. आता मध्ये कोणी बोलायचे नाही. मागे बसून शेंगा खाणाऱ्यांनी टरफले खिशात ठेवावीत.

तर हा संगणक अगदी साधा होता. चित्रे नाहीत, रंग नाहीत. एक काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. रेघेपुढे हुकूम लिहायचा, की काम झाले. झाले म्हणून सांगायचीसुद्धा त्याला सवय नव्हती. गप्प बसला म्हणजे झाले समजायचे.

त्या संगणकात जंगलातल्या चारशे बारा प्राण्यांचे कागद होते. एकेका प्राण्याचा एकेक कागद. नाव काय, राहतो कुठे, खातो काय, आणि सगळ्यात महत्त्वाचे, पाणवठ्यावर त्याची पाळी कधी. उन्हाळ्यात त्या जंगलात एकच तळे उरे. ज्याचा कागद नाही त्याला पाणी नाही, असा कायदा होता. आणि कागदात लिहिले असेल तेच खरे, असाही कायदा होता.

दप्तराचा कारभारी होता विसोबा खवलेमांजर. अंगावर कौलांसारखे खवले, जीभ हातभर लांब, स्वभाव अतिशय भित्रा. कोणी आवाज चढवला की तो अंगाचा गोळा करून बसे. कचेरीत हा गुण फार उपयोगी पडतो. तक्रार घेऊन आलेला प्राणी गोळ्याकडे बघत थोडा वेळ उभा राही आणि घरी निघून जाई.

पण विसोबाचे स्वतःचे एक दुःख होते, आणि ते खरे दुःख होते.

फार पूर्वी कोणीतरी त्याचा कागद मांजरांच्या कपाटात ठेवला होता. नावात मांजर आहे ना, मग झाले. वास्तविक विसोबाचा आणि मांजरांचा काडीचा संबंध नव्हता. तो मुंग्या खायचा. पण पाण्याची पाळी कपाटाप्रमाणे होती. त्यामुळे गेली अकरा वर्षे विसोबा रोज वाघ, बिबट्या आणि रानमांजर यांच्या रांगेत पाणी पीत होता.

पीत होता म्हणजे काय, चढावावरूनच गोळा होऊन गडगडत काठाशी यायचा. तिथे दोन खवल्यांच्या फटीतून जीभ बाहेर काढायचा, चार थेंब घ्यायचा, आणि तसाच गोळा होऊन पडायचा. सगळे गेले की उघडायचा. शेजारी जगदेवराव बिबट्या बसलेला असे.

"काय भाऊबंद," जगदेवराव रोज म्हणे, "आज तरी उघडणार का? घरचाच आहे मी. एका कपाटातले आपण."

आतून विसोबा म्हणे, "आज जरा अंग दुखतंय."

"दुखतंय का? बघू तरी कुठं."

"बाहेरून दिसत नाही ते."

अकरा वर्षे हेच संभाषण. तुम्ही हसताय, पण अकरा वर्षे पोटभर पाणी न पिता काढून बघा.

मग कारभारी असून त्याने स्वतःचा कागद स्वतःच का नाही हलवला? कारण कारभाऱ्याने आपल्या कागदाला हात लावायचा नाही, असा नियम होता. अर्ज करायचा. विसोबाने अर्ज केला होता. अर्ज आला दप्तरात, दप्तराचा कारभारी विसोबा, आणि विसोबाने त्यावर शेरा मारला होता, 'विचाराधीन'. नियमाला तो पक्का होता.

आता हलवायचे कसे, ते ऐका. हे समजले नाही तर पुढची गोष्ट समजणार नाही, आणि मी पुन्हा सांगणार नाही.

संगणकाला एक हुकूम ठाऊक होता, 'हलव'. एकदा मोर रान सोडून तळ्याकाठी राहायला गेला. विसोबाने लिहिले, 'हलव मोर तळेकाठ'. तळेकाठ नावाचे कपाट होते. मोराचा कागद गुपचूप त्यात जाऊन बसला. पुढे एकदा कोल्ह्याला वाटले की आपल्याला लोकांनी मानाने हाक मारावी. विसोबाने लिहिले, 'हलव कोल्हा कोल्हेसाहेब'. कोल्हेसाहेब नावाचे कपाट कुठेच नव्हते. मग संगणकाने काय केले? कागदाचे नावच कोल्हेसाहेब करून टाकले. हुकूम एकच. कपाट असले तर कागद आत जातो, कपाट नसले तर कागदाचे नाव बदलते.

यात एक मोठी गोम होती. त्या नावाचा दुसरा कागद आधीच तिथे असला तर? तर तो जुना कागद पुसला जाई आणि नवा त्याच्या जागी बसे. संगणक हूं की चूं करत नसे.

विसोबाच्या आधीचे कारभारी धोंडोपंत कासव होते. त्यांनी तळ्याकडे निवृत्त होताना विसोबाला बजावले होते.

"अरे विसोबा, नुसतं 'हलव' कधी लिहू नकोस. 'हलव विचारून' लिहीत जा. म्हणजे काही पुसायची वेळ आली की तो आधी विचारतो. आणि कपाट डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही हलवायचं नाही."

"बरं," विसोबा म्हणाला होता. धोंडोपंतांना हे चार वाक्यांचे बोलणे पुरे करायला एक दुपार लागली होती, त्यामुळे ते त्याच्या चांगले लक्षात होते.

एके दिवशी सिंहमहाराज शेजारच्या जंगलात लग्नाला गेले. परत आले ते तोंड पाडूनच.

"त्यांच्याकडे सगळे कागद एकाच कपाटात आहेत," महाराज दरबारात म्हणाले. "एक जंगल, एक कपाट! आणि आपल्याकडे? मांजरांचं वेगळं, पाखरांचं वेगळं, सापांचं वेगळं. मला तिथं जेवण गेलं नाही."

लगेच हुकूम निघाला. 'नवेकपाट' नावाचे एक भव्य कपाट करायचे. चारशे बारा कागद त्यात ठेवायचे. कपाटे वेगळी राहणार नाहीत, म्हणून पाण्याची पाळीसुद्धा सरळ नावांच्या अक्षरांप्रमाणे लागेल.

विसोबाने हा हुकूम वाचला. पुन्हा वाचला. मग बोटांवर मोजून बघितले. अक्षरांप्रमाणे म्हणजे आधी खंड्या, मग खवलेमांजर, मग खार. एका बाजूला खंड्या पक्षी, दुसऱ्या बाजूला खार! विसोबाच्या डोळ्यांत पाणी आले. अकरा वर्षांत इतके पाणी त्याला पहिल्यांदाच मिळाले होते.

कपाटाचे काम सुतारपक्ष्याकडे होते. संगणकातले कपाट करायला काय लागते? एक ओळ लिहावी लागते. पण सुतारपक्ष्याने आधी उद्घाटन ठरवले. पडद्याला झेंडूची माळ घातली, वेलीची फीत बांधली. महाराजांनी पंजाने फीत तोडली. अस्वलाने मधाचे पेढे वाटले. भाषणे झाली. हत्ती तर बोलता बोलता इतका गहिवरला की दोन खुर्च्या मोडल्या. मग सगळे घरी गेले.

सुतारपक्षीही गेला. "ती एक ओळ तेवढी उद्या लिहितो," असे तो जाता जाता म्हणाला, पण त्या वेळी टाळ्या चालू होत्या.

टाळ्या थांबल्यावर एकालाच आठवण राहिली. धोंडोपंतांनी शेवटच्या रांगेतून ते ऐकले होते. मधे घरी जाऊन चष्मा घ्यावा आणि विसोबाला सावध करावे, म्हणून ते तडक निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विसोबा कामाला बसला. दुपारी महाराज पाहणीला येणार होते. त्याने यादी पुढे घेतली. पहिले नाव अजगर.

'हलव विचारून अजगर नवेकपाट'.

संगणक गप्प. म्हणजे झाले. आता अजगराच्या कागदाचे नाव नवेकपाट झाले होते, हे तुमच्या लक्षात आले. विसोबाच्या नाही आले. कारण तुम्ही उद्घाटनाला नव्हता.

दुसरे नाव अस्वल. 'हलव विचारून अस्वल नवेकपाट'.

या वेळी पडद्यावर अक्षरे उमटली. 'नवेकपाट आधीच आहे. त्याच्या जागी हे ठेवू का?'

विसोबाला हसू आले. "आधीच आहे म्हणजे? असणारच! काल महाराजांनी फीत तोडली ना!" त्याने लिहिले, 'हो'.

अजगर पुसला गेला.

तिसरे नाव उंदीर. पुन्हा तोच प्रश्न. 'नवेकपाट आधीच आहे. त्याच्या जागी हे ठेवू का?'

"अरे आहे ना बाबा! मीसुद्धा पेढा खाल्ला." 'हो'.

अस्वल पुसले गेले.

चौथ्या वेळी तोच प्रश्न आला तेव्हा विसोबा वैतागला. चारशे बारा कागद, प्रत्येकाला हा असाच अडून बसणार. धोंडोपंत होते तेव्हाचे दिवस वेगळे होते. दुपारी महाराज येणार, आणि तळ्यावर खंड्या आणि खार आपली वाट बघत असणार. विसोबाने 'विचारून' हा शब्द काढून टाकला. मग संगणकाला एक लांबलचक ओळ लिहून दिली. यादीतले एकेक नाव घे आणि न विचारता नवेकपाटाकडे हलव.

काजवे एकदा जोरात चमकले. रेघ पुन्हा लुकलुकू लागली. सगळे शांत होते. इतके सुरळीत काम विसोबाने आयुष्यात केले नव्हते. त्याने एक मुंगी तोंडात टाकली आणि नवेकपाट उघडून बघितले.

आत चारशे बारा कागद नव्हते. आत नुसते एवढेच लिहिले होते.

'होला. कबुतराचा धाकटा भाऊबंद. खाणे: दाणे. घर: बाभळीवर, चार काड्यांचे. पाण्याची पाळी: सकाळी, सहा घोट.'

यादीतले शेवटचे नाव होला होते.

विसोबाने तळेकाठ उघडले. रिकामे. मांजरांचे कपाट उघडले. रिकामे. सिंहासन नावाचे एक खास कपाट होते, तेही उघडले. तेही रिकामे. अख्ख्या जंगलात कागदाप्रमाणे एक होला तेवढा जिवंत होता.

विसोबा गोळा झाला.

तेवढ्यात ढोलीच्या दारात धोंडोपंत पोचले. त्यांना धाप लागली होती.

"विसोबा... थांब... ते कपाट... केलेलंच नाही रे..."

धोंडोपंतांनी चष्मा लावून पडदा वाचला. मग ते गोळ्याशेजारी बसले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. निदान पाठ असावी असे त्यांना वाटले.

"रडू नकोस. जुनी नक्कल माझ्याकडे आहे. ताडपत्रांवर, तळ्यात माझ्या दगडाखाली. हरणाला पाठवलं तर तोंडातली मुंगी गिळायच्या आत घेऊन येईल."

गोळा थोडा उघडला. एक डोळा दिसला. नेमके त्याच वेळी सिंहमहाराज आत आले आणि डोळा मिटला.

झाला प्रकार धोंडोपंतांनीच सांगितला. महाराजांनी पडदा वाचला. त्यांची आयाळ ताठ झाली.

"माझा कागद?"

"पुसला गेला, महाराज."

"वाघाचा?"

"तोही. पण हरणाला पाठवा, अजून काही बिघडलं नाही. कपाट नव्हतं म्हणून हे झालं, एवढं जाहीर करायचं आणि नक्कल मागवायची."

महाराजांनी पडद्याच्या मागे डोकावून बघितले. मग हळू आवाजात त्यांनी विचारले, "कपाट नव्हतं, तर मी काल कशाची फीत तोडली?"

यावर धोंडोपंतांकडे उत्तर होते, पण ते तोंडातून निघेपर्यंत महाराज ढोलीबाहेरच्या दगडावर चढले होते. बाहेर पाहणी बघायला सगळे जंगल जमले होते.

"प्रजाजनहो!" महाराज गरजले. "शेजारच्या जंगलानं एक कपाट केलं. आपण त्यांच्या पुढं गेलो आहोत. आपण एक कागद केला आहे! आजपासून या जंगलात कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही. सगळे होले! मी तुमचा मुख्य होला. आणि हे ज्यानं एका सकाळीत करून दाखवलं, त्या विसोबाला मानपत्र!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हरणानेही टाळ्या वाजवल्या. त्याला तळ्याकडे कोणी पाठवले नाही. विसोबा गोळाच होता, म्हणून मानपत्र त्याच्या खवल्यात खोचण्यात आले. धोंडोपंतांनी मान आत घेतली, थोडा विचार केला, आणि नक्कल आपणच आणावी म्हणून ते तळ्याकडे निघाले.

दुसऱ्या दिवसापासून कायदा लागू झाला. हत्ती सहा घोट पाणी पिऊन परत गेला आणि चार काड्यांवर बसायला बाभळ शोधू लागला. अजगर दिवसभर दाणे टिपत होता. मोठमोठे प्राणी वाटेत भेटले की एकमेकांना घुमून दाखवत. मूळच्या होल्याचे मात्र हाल झाले. तो पहाटेच रांगेत उभा राहिला तेव्हा गेंड्याने त्याला हटकले.

"मी होला आहे," होला म्हणाला.

"आज सकाळपासून सगळे तेच सांगताहेत," गेंडा म्हणाला. "पुरावा आण. आणि आधी नीट घुमून दाखव. आमच्याइतकं घुमता येत नाही, आणि म्हणे होला!"

विसोबा मात्र मनातून सुखावला होता. काहीही झाले तरी तो आता मांजर नव्हता. कागदच सांगत होता. चौथ्या दिवशी तो गोळ्यातून उघडला आणि मानपत्र खवल्यात मिरवत, उभ्या अंगाने, अकरा वर्षांत पहिल्यांदाच चालत तळ्यावर गेला. वाकला. हातभर जीभ पाण्यात घातली. एक घोट. दोन घोट. पाणी इतके गोड असते, हे त्याला ठाऊकच नव्हते. पाचव्या घोटाला तो चक्क रडला.

सहाव्या घोटाला शेजारून आवाज आला.

"घुटर्र घूं."

विसोबाने वळून बघितले. जगदेवराव बिबट्या. आता सगळ्यांची पाळी एकच होती ना! इतकी साधी गोष्ट विसोबाच्या ध्यानात आली नव्हती. जगदेवरावाच्या बरगड्या दिसत होत्या. चार दिवस तो गवताचे बी चघळत होता.

"घाबरू नकोस, विसोबा," जगदेवराव कळवळून म्हणाला. "मी आता कोणाला खात नाही. कायद्यानं मी होला. होला काय खातो?"

"द... दाणे," विसोबा म्हणाला.

"दाणेच. कायदा म्हणजे कायदा. मी काही नियम मोडणाऱ्यातला नाही." जगदेवरावाने जिभल्या चाटल्या. "पण पोट भरेल एवढा एखादा मोठा दाणा कुठं दिसला तर सांग, भाऊ."

ते ऐकून विसोबाची भीतीने गाळण उडाली. आणि भीती वाटली की तो जे नेहमी करायचा, तेच त्याने केले. तो गोळा झाला.

जगदेवराव बघत राहिला. गोल, टणक, तपकिरी, वर साल असल्यासारखे काहीतरी. त्याने पंजाने ते जरा फिरवून बघितले.

"अरेच्चा," तो म्हणाला, "दाणाच की!"

त्याने एक चावा घेतला. दात हलला. त्याने दुसऱ्या बाजूने चावा घेतला. दुसरा दात हलला. मग त्याने मान हलवली. "अजून कच्चा आहे. पिकू दे." आणि कायदा पाळणाऱ्या सज्जन होल्यासारखा तो त्या दाण्याशेजारी ठाण मांडून बसला.

आत विसोबा कान देऊन ऐकतो आहे. धोंडोपंत नक्कल घेऊन तळ्यातल्या दगडापासून निघाले आहेत. ती पोचली की विसोबा पुन्हा मांजर होईल, आणि जगदेवराव पुन्हा त्याला भाऊबंद म्हणून उघडायचा आग्रह करील. बाळांनो, ज्या दिवसाला विसोबा अकरा वर्षे कंटाळला होता, त्याच दिवसाची तो आता जीव मुठीत धरून वाट बघतो आहे.

धोंडोपंत काठापर्यंत आले आहेत.

तात्पर्य: काम करताना कधीही विचारू नये. विचारणाऱ्याला उशीर होतो, न विचारणाऱ्याला मानपत्र मिळते. मात्र मानपत्र मिळाल्यावर त्यात गुंडाळून बसू नये. कोणीतरी पिकण्याची वाट बघत असते.